पायवाटेसकट एक एकर

सासूबाईंना एक एकर जमीन घ्यायची होती. भाडेपट्ट्याने नाही, फ्रीहोल्ड. म्हणजे मुदत नसलेली, पूर्ण मालकीची, स्वतःच्या नावावर. जमीन केनियाच्या पश्चिमेकडच्या एका ग्रामीण काउंटीत होती. सासूबाई त्या वेळी व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, आमच्या टाउनहाउसच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहत होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, उजवा गुडघा बदललेला.

आफ्रिकाच का, हे इथे प्रत्येक जण विचारत असे, म्हणून ते आधी सांगते. सासरे साखर कारखान्यात केमिस्ट होते. सांगलीकडच्या एका कारखान्यातून ते तरुणपणी केनियातल्या कारखान्यात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. दोघांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. सासूबाई जवळच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. घर कारखान्याचं होतं. निवृत्तीनंतर ते सोडावं लागलं आणि थोड्याच काळात सासरे गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, लहानपण तिथे काढून शिकायला बाहेर पडला होता आणि तोवर अमेरिकेचा नागरिक झाला होता. तो जाऊन आईला घेऊन आला. त्यांना ग्रीन कार्ड मिळालं, पासपोर्ट मात्र केनियाचाच राहिला.

इथे त्यांची गैरसोय नव्हती. ग्रोसरीला आम्ही नेत होतो, मंडळाच्या कार्यक्रमांना नेत होतो, हेल्थ इन्शुरन्स होता. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एका शनिवारी त्यांना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिच्या थोरल्या भावाला शाळेजवळच्या शेतातला एक तुकडा विकायचा होता. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "मी ती जमीन घेते आहे. घर बांधून राहणार आहे."

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "आई, पुण्यात फ्लॅट घेऊ ना. बाणेरला. लिफ्ट, खाली मेडिकल, समोर हॉस्पिटल."

"तिथे केळी लावता येतील?"

"कुंडीत लावता येतात."

"कुंडीत तू लाव."

आमची मुलगी हायस्कूलमध्ये आहे. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आज्जी वन, बाबा झिरो."

त्यांना शेतजमीनच हवी होती, आणि ती कुठे घेता येते हा प्रश्न सरळ होता. भारतात त्यांना घेता येत नव्हती, कारण त्या आता भारतीय नागरिक नव्हत्या आणि परदेशी नागरिकाला तिथे शेतजमीन विकत मिळत नाही. व्हर्जिनियात घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण आमच्या आसपासच्या शेतांवर डेटा सेंटरं उभी राहिली होती आणि उरलेल्या शेतांचे मालक त्यांचीच वाट बघत होते. केनियात परदेशी माणसाला फार तर नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. पूर्ण मालकी फक्त नागरिकाला. आमच्या घरात तसं नागरिक एकच माणूस होतं.

नवऱ्याने तरी स्वतःच्या नावाने भाडेपट्टा घेण्याचा मुद्दा काढला. सगळं ऑनलाइन तोच सांभाळणार होता, त्याला ते सोपं वाटत होतं. "आई, नव्याण्णव वर्षं कमी आहेत का? तू आत्ताच..."

"बोल ना. मी आत्ताच काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"आधी कारखान्याच्या घरात राहिले, मग तुझ्या. दोन्ही चांगली होती. आता माझ्या नावाच्या घरात राहायचंय."

त्यानंतर त्या विषयावर घरात चर्चा झाली नाही. कामं सुरू झाली.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बातमीदार होते आणि बराच काळ जमिनीचे वाद कव्हर केले होते. सातबारा हातात आला की आधी इतर हक्कांचा रकाना वाचायचा, ही तेव्हाची सवय. म्हणून कागद बघायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या वकिलाने जमीन कार्यालयातून उतारा काढून पाठवला. मालक एकच, विद्यार्थिनीचा भाऊ. कर्ज नाही, दावा नाही, बोजा नाही. मोजणीदाराने एकराचा तुकडा आखून चार कोपऱ्यांना खुणा पुरल्या. विक्रीचा करार झाला आणि विसार दिला गेला. पुढची पायरी स्थानिक जमीन मंडळाच्या परवानगीची होती. तिथे शेतजमिनीचा व्यवहार या मंडळापुढे जातो. मंडळावर त्या भागातली वडीलधारी माणसं असतात. विकणारा समोर येऊन, घरच्यांसह, राजी आहे असं सांगतो, मगच परवानगी मिळते. ठरावीक मुदतीत ती मिळाली नाही तर करार रद्द होतो. सासूबाईंची जमीन या एका बैठकीवर अवलंबून होती.

बैठकीला काही आठवडे होते. त्याच सुमारास मंडळाच्या, म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या, घरोघरचे डबे आणून होणाऱ्या पॉटलकमध्ये नवऱ्याने ही गोष्ट नागपूरच्या काकांना सांगितली. काका हर्नडनला राहतात. त्यांच्या नागपूरजवळच्या प्लॉटवर त्यांच्या गैरहजेरीत कोणी तरी गॅरेज टाकलं होतं. ते प्रकरण त्यांनी सगळ्यांना, प्रत्येक पॉटलकमध्ये सांगितलेलं आहे.

"विसार दिला ना तू?" काकांनी विचारलं.

"दिला."

"मंग बसून काय राहिला? कंपाउंड मार आधी. बाकी पेपर येत राहतील."

"काका, परवानगी यायचीय अजून."

"अबे, परवानगी येईपर्यंत तिथे कोणी टपरी टाकली म्हणजे? मी पण परवानगीचीच वाट पाहून राहिलो होतो. आता त्या गॅरेजात माझ्याच जागेवर माझ्या भाच्याची गाडी रिपेअर होते."

टेबलाभोवतीचे सगळे हसले, आणि सगळ्यांनी काकांचीच री ओढली. कोणाचा तळेगावचा प्लॉट होता, कोणाचा वर्ध्याचा. लांब राहून जागा घेतली की पहिलं काम कुंपणाचं, हे त्या खोलीत कोणालाही पटवून द्यावं लागलं नाही. मलाही पटलं. जमिनीवरच्या अतिक्रमणाच्या बातम्या मी पुरेशा लिहिल्या होत्या.

नवऱ्याने वकिलाच्या ओळखीतला कंत्राटदार गाठला. आईला सरप्राइज द्यायचं म्हणून तिला सांगितलं नाही. आठवड्याभरात फोटो आले: चारही बाजूंनी लाकडी खांब, काटेरी तार, कोपऱ्यात लोखंडी फाटक, फाटकावर पाटी. खाजगी मालमत्ता, विनापरवाना प्रवेश करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल. इंग्रजीत होती, पण मजकूर अगदी आपला.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्याने टॅबलेट आईपुढे धरला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"फाटक एकच आहे?"

"हो, कोपऱ्यात. कुलूप पण आहे."

"किल्ली?"

"कॉन्ट्रॅक्टरकडे. कुरिअर करतोय तो आपल्याला."

"इकडे? अमेरिकेला?"

"हो."

"मग बायका पाण्याला कुठून जातायत?"

नवऱ्याला प्रश्न कळला नाही. मलाही नाही. सासूबाईंनी बोट ठेवून दाखवलं. जमिनीच्या मागे उतार होता आणि उताराच्या तळाशी झाडांचा गर्द पट्टा. तिथे झरा आहे, त्या म्हणाल्या. वरच्या वस्तीतल्या बायका या तुकड्यातून खाली उतरतात आणि डोक्यावर पाणी घेऊन परत येतात. मुलंही तिथूनच शाळेला जातात. फोटोत गवतातून गेलेली एक फिकट रेघ होती. ती एका खांबापाशी थांबत होती आणि तारेच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होती.

पायवाट कुठल्याच कागदावर नव्हती. ती तिथे सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी लिहिली नव्हती.

सासूबाईंनी विद्यार्थिनीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुपारी पुन्हा लावला, सोमवारी पुन्हा. मेसेजवर वाचल्याच्या दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही.

"आज्जी, दे आर घोस्टिंग यू," मुलगी म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... आहेत, वाचतायत, पण बोलत नाहीयेत."

"बरोबर आहे त्यांचं," सासूबाई म्हणाल्या.

चार-पाच दिवसांनी विद्यार्थिनीने फोन केला. सासूबाईंनी स्पीकर लावला. ती त्यांना म्वालिमु म्हणते, म्हणजे बाई, शिक्षिका. ती इंग्रजीत बोलत होती आणि तिचा आवाज शाळेच्या ऑफिसात बोलावा तसा होता.

"म्वालिमु, भाऊ मंडळापुढे येणार नाही."

"रागावलाय?"

"तो म्हणतो, जमीन अजून माझ्या नावावर आहे आणि तिला कुलूप दुसऱ्याचं. माझ्या बायकोला पाण्यासाठी वळसा घालून जावं लागतं. गाव मला विचारतं, कोणाला विकलीस? मी काय सांगू?"

"मला विकली म्हणून सांगू दे त्याला."

"तेच सांगायची त्याला लाज वाटते, म्वालिमु."

फोन संपल्यावर नवरा येरझारा घालायला लागला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. करारावर सही आहे, विसार घेतला आहे, वकिलामार्फत नोटीस पाठवता येईल. नाही तर मागच्या बाजूला एक लहान फाटक ठेवू, दिवसा उघडं राहील.

"कोण उघडणार? तू इथून ॲपवर?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मी मदतच करत होतो."

"माहितेय. कुंपण काढायला सांग."

"सगळं?"

"सगळं. खांबसुद्धा. आणि माझं तिकीट काढ."

गुडघा, मलेरिया, लांबचा प्रवास, नैरोबीहून पुढचा रस्ता, हे सगळं बोलून झालं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि बॅग कपाटावरून खाली काढायला मला हाक मारली. डलेस विमानतळावर सोडायला आम्ही तिघंही गेलो. व्हीलचेअर त्यांनी नाकारली. नंतर रांग पाहून घेतली.

यापुढचं जे तिथे घडलं ते त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने फोनवर सांगितलेलं आहे. मी तिथे नव्हते. दोघींच्या सांगण्यात जे जुळलं, तेवढंच लिहिते.

सासूबाई विद्यार्थिनीकडे उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या घरी गेल्या. कुंपण तोवर निघालं होतं, खांबांचे खड्डे दिसत होते. भावाने खुर्ची दिली, चहा दिला आणि पावसाबद्दल बोलला. जमिनीचा विषय काढला नाही. शेजारची दोन म्हातारी माणसं येऊन बसली होती. शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "तुमचा मुलगा कोणाला घाबरतो?"

सासूबाईंनी सांगितलं की तो घाबरत नाही, त्याला सवय नाही. तो जिथे राहतो तिथे घरामागे कुंपण घालायचं तर वसाहतीच्या समितीला अर्ज करावा लागतो. लाकूड कुठलं, उंची किती, रंग कुठला, सगळं तीच ठरवते. शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. याचं कुंपण कित्येक महिने अडलं होतं. इथे कोणी अडवलं नाही, म्हणून त्याने एका आठवड्यात घालून टाकलं.

हे खरं होतं. आमच्या एचओएने, म्हणजे त्या समितीने, आमचा अर्ज दोनदा परत पाठवला होता.

म्हातारी माणसं खूप हसली. अमेरिकेत स्वतःच्या जमिनीवर खांब पुरायला शेजाऱ्यांना विचारावं लागतं, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. भाऊ हसला नाही.

"म्हणजे त्याला रीत माहीत होती," तो म्हणाला. "तिथल्या शेजाऱ्यांना विचारलं. आम्हाला का नाही विचारलं?"

विचारायला हवं होतं, हे सासूबाईंना मान्य होतं. त्यांनी तसं सांगितलं.

भावाने मग त्याचं म्हणणं मांडलं. पायवाट राहील, आणि ती फक्त बोलण्यात राहणार नाही. मोजणीदार ती नकाशावर दाखवेल, म्हणजे पुढे ही जमीन कोणाकडेही गेली तरी वाट बंद होणार नाही. शेजारी चारही हद्दी चालून बघतील. आणि कुंपण ज्याने घातलं त्याने स्वतः विचारायचं. आईने त्याच्या वतीने नाही.

ते विचारणं आमच्या स्वयंपाकघरातून, व्हिडिओ कॉलवर झालं, कामावर जाण्याआधी, सकाळी. तिकडे दुपार होती. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यापाशी उभा राहिला. बसला नाही. ऑफिसात तो रोज मोठमोठ्या मीटिंगा चालवतो. त्या सकाळी तो आधी दोनदा पाणी प्यायला.

स्क्रीनवर भाऊ आणि मागे आठ-दहा माणसं होती. सासूबाई एका कडेला बसल्या होत्या. त्या मध्ये बोलल्या नाहीत. नवरा त्या गावात वाढला. तिथली भाषा त्याला येते, पण लहानपणी सोडली तेवढीच. त्याला ऑफिसचे, कराराचे, जमिनीचे शब्द येत नव्हते. खेळताना, भांडताना, खायला मागताना लागतात ते येत होते. तेवढ्यात त्याने काम भागवलं. नंतर त्याने मला मराठीत सांगितलं ते असं:

"मी न विचारता तार लावली. ते चुकलं. माझी आई तुमच्यात राहायला येतेय. तिच्या बकऱ्या, कोंबड्या बाहेर जातील, म्हणून कडेला झुडपं लावू का?"

"तिच्याकडे बकऱ्या आहेत?" भावाने विचारलं.

"नाहीत. पण ती घेईल."

"आणि वाट?"

"वाट तुमची आहे. आम्ही तिच्यात काही लावणार नाही."

मागून एका बाईने काही विचारलं आणि सगळे हसले. नवऱ्याचे कान लाल झाले. तू शाळेच्या पेरूच्या झाडावरून पडला होतास तोच ना, असं तिने विचारलं होतं.

"तोच," तो म्हणाला.

भाऊ म्हणाला की झुडपं लावा, पण काटेरी नको. पाणी आणताना हात मोकळे नसतात.

एवढ्यावर कॉल संपला. तो मंडळापुढे येईल की नाही, हे त्याने सांगितलं नाही. नवऱ्यानेही ते विचारलं नाही. नंतर तो त्याच शर्टात ऑफिसला गेला.

बैठकीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं फोन मधे ठेवून नाश्त्याला बसलो. मुलीची बस होती, तिने ती चुकवली. फोन आला तो विद्यार्थिनीचा. मंडळाची बैठक तालुक्याच्या कार्यालयाबाहेर, झाडाखालच्या बाकांवर झाली होती. भाऊ आला होता. बायको आली होती, मोठी मुलं आली होती. अध्यक्षांनी प्रत्येकाला वेगळं विचारलं, राजी आहात का. प्रत्येकाने हो म्हटलं. भावाच्या बायकोने वाटेबद्दल विचारलं आणि नकाशा पाहून घेतला. मग अध्यक्षांनी सासूबाईंना विचारलं की त्या खरंच इथे राहणार आहेत की जमीन घेऊन परत जाणार आहेत. अशी बरीच जमीन त्या भागात बंद पडून आहे, घेणारे परदेशात आहेत.

"मग आज्जी काय म्हणाली?" मुलीने विचारलं. ती मराठीत बोलली. मी ते फोनवर इंग्रजीत विचारलं.

"म्वालिमुने विचारलं, पावसाआधी केळीची रोपं कोणाकडे मिळतील," विद्यार्थिनी म्हणाली. "अध्यक्षांकडेच मिळतात. ते रोपांचाच धंदा करतात."

परवानगी मिळाली होती. मालकीचा कागद यायला अजून वेळ होता, पण आता तो अडवणारं कोणी नव्हतं.

नवऱ्याने फोन आपल्याकडे ओढला. "आईला दे. आई? झालं ना मग. कागद येईपर्यंत परत ये. मी तिकीट बघतो. बांधकाम पुढच्या वर्षी करू, मी स्वतः येतो सुट्टी काढून."

"गवंडी सोमवारपासून येतोय," सासूबाई म्हणाल्या. मागे माणसांचे आवाज येत होते, कोणी तरी भांडी हलवत होतं. "घर होईपर्यंत मी हिच्याकडे राहते."

"आणि ग्रीन कार्ड? एवढे दिवस बाहेर राहिलीस तर जाईल ते."

"परत करायचं असतं ना ते? त्याचं काय ते बघ. उगाच अडकून राहायला नको."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. कार्ड परत कसं करायचं ते मी त्याच दिवशी शोधून काढलं. प्रक्रिया साधी आहे.

"आई," तो म्हणाला, "मी डिसेंबरमध्ये आलो तर?"

"ये की. पण आधी कळव. दोनच खोल्या बांधतेय, आणि एकीत मी आहे."